पिंजऱ्यातली वकिलीण

उजाडता उजाडता वकिलीण मेंढ्यांच्या वाडग्यात शिरली. दोन मेंढ्या पाय उचलून उभ्या होत्या. तिनं एकीला आडवं पाडलं, मान गुडघ्याखाली दाबली आणि पुढचा खूर बोटानं चाचपला. खुराच्या बेचक्यात खडा रुतून बसला होता, भोवतीचं मांस सुजून लाल झालं होतं. वहिनीनं चिमटा पुढे केला. खडा निघाला तशी मेंढीनं लाथ झाडली आणि ती नेमकी वकिलिणीच्या कोपरावर बसली.

"झाडणारच की," वहिनी म्हणाली. "रोज खडकावरून चालवायचं आणि वर चिमटे लावायचे. मी असते तर चावले असते."

खडकाची वाट कुणी हौसेनं धरली नव्हती. वस्ती टेकाडावर, नदी खाली, आणि मधे एक मोठं शेत. त्या शेताच्या बांधावरून एक वाट थेट नदीच्या डोहाला जाऊन भिडायची. म्हाताऱ्याच्या बापापासून कळप त्याच वाटेनं पाण्याला जात होता. पण जुना मालक वारला, त्याच्या मुलांनी शेत एका तेलगिरणीवाल्याला विकलं, आणि गिरणीवाल्यानं गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर काटेरी तार ओढून फाटकाला कुलूप घातलं. तेव्हापासून कळप टेकाडाला वळसा घालून, जुन्या खाणीच्या खडकांवरून, ऊन डोक्यावर येईतो कसाबसा पाण्याला पोचायचा. गाभण मेंढ्या वाटेतच बसायच्या. त्यांना खांद्यावर घेऊन घेऊन दादाचा खांदा आखडला होता. नुकतीच व्यालेली एक मेंढी तर खडकातच राहिली, आणि तिच्यापाठोपाठ तिचं कोकरू.

कळपाचा मालक म्हातारा. दादा त्याचा थोरला मुलगा, वहिनी त्याची सून, आणि ही धाकटी मुलगी, बाजारगावच्या कोर्टात वकिली करणारी. वस्तीवर तिला सगळे वकिलीणच म्हणत. नवखा कुणी विचारायचा, हिचा नवरा कुठल्या कोर्टात असतो? वहिनीचं उत्तर तयार असायचं. "हिचं लग्न वकिलाशी नाही, वकिलीशी झालंय. सासर मोठं खाष्ट आहे."

ते खोटं नव्हतं. वाडग्यातलं काम आटोपलं की वकिलीण साबण लावून दोनदा अंघोळ करायची. काळा कोट पिशवीत गुंडाळून उंच खुंटीला टांगलेला असायचा, वाडग्याचा वारा लागू नये म्हणून. ती ज्यांच्या हाताखाली काम करत होती, त्या मोठ्या वकिलांनी पहिल्याच आठवड्यात तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "हुशार आहेस. पण कोर्टात शिरताना घर बाहेर ठेवून येत जा. माणसं आधी नाकानं ऐकतात, मग कानानं."

तिनं ते मनावर घेतलं. बोलणं घासूनपुसून पुस्तकी केलं. हात कोटाच्या बाहीत अर्धे झाकून उभं राहायची सवय लावून घेतली, कारण बोटांवरच्या चिरा साबणानं जात नव्हत्या. एवढं करूनही बाररूममध्ये तिच्या पाठीमागे तिला 'लोकरवाल्या मॅडम' म्हणतात, हे तिच्या कानावर आलेलं होतं. आणि इकडे घरी एकदा तिच्या तोंडून 'सदर मेंढी' असं निसटलं, तर दादा आठवडाभर ज्याला त्याला सदर लावत होता. सदर चहा, सदर चूल, सदर बायको. सदर बायकोनं शेवटी लाटणं उगारलं तेव्हा थांबला.

वाटेचा दावा तिनंच घातला होता. शेजारची घरं साक्ष द्यायला तयार नव्हती. त्यांतली निम्मी माणसं आता गिरणीवाल्याच्याच शेतात कामाला होती. म्हणून भिस्त सगळी म्हाताऱ्यावर. त्याच्याइतकी ती वाट कुणी तुडवली नव्हती. तारखा पडत पडत दुसरा उन्हाळा उजाडला, आणि आज म्हाताऱ्याची साक्ष होती.

"बाबा, कोर्टात मी तुमची मुलगी नाही," बसमध्ये तिनं पुन्हा एकदा बजावलं. मोठ्या वकिलांनी तिला तसंच सांगितलं होतं. "मी विचारेन तेवढंच सांगायचं. आणि मग तो दुसरा वकील विचारेल. घाबरायचं नाही. खरं तेच बोलायचं."

"खोटं बोलायला काय अडलंय," म्हातारा म्हणाला. त्यानं दाढी करून घेतली होती आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं होतं.

पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा तो एकदम लहान दिसायला लागला. पिंजऱ्याचा कठडा त्याच्या छातीपर्यंत येत होता. त्यानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले, मग ते चूक असेल असं वाटून खाली घेतले. बाकावर चार-सहा काळे कोट बसले होते. न्यायाधीशबाई मान खाली घालून लिहीत होत्या.

"वादींनी आपलं पूर्ण नाव, वय आणि व्यवसाय सांगावा," वकिलीण म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. हा आवाज त्यानं घरी कधी ऐकला नव्हता. कोट, गळ्यातली पांढरी पट्टी, ताठ मान. त्याच्या आयुष्यात कोटातल्या माणसांशी बोलायची एकच रीत होती, तीच त्याला आठवली. त्यानं हात जोडले.

"आपल्याला ठाऊकच आहे की, बाईसाहेब."

बाकावर खसखस पिकली. वकिलिणीनं कागदावरून नजर हलवली नाही. प्रश्न विचारले, उत्तरं मिळाली. वाट कुठून कुठे जाते, कळप कधीपासून जातो, कुलूप कधी लागलं. म्हातारा दर उत्तरामागे 'बाईसाहेब' लावत राहिला, आणि तिला ते प्रत्येक वेळी खुरातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

मग गिरणीवाल्याचा वकील उठला. हा माणूस मऊ होता. आवाज मऊ, हात मऊ, चालणंही असं की चपलांचा आवाज येत नसे. त्यानं आधी शिपायाला सांगून म्हाताऱ्याला पाणी दिलं.

"उभं राहून दमलात का आजोबा?"

"नाही नाही साहेब."

"जुने मालक कसे होते हो?"

"देवमाणूस."

"तुम्हीही सज्जन दिसता. कुणाच्या रानात न विचारता पाय ठेवणाऱ्यांतले नाही दिसत."

"छे! विचारल्याशिवाय कसा जाईन?" म्हातारा खुलला. "रोज हाळी द्यायचो की. मालक, जाऊ का?"

"आणि ते काय म्हणायचे?"

"जा की म्हणायचे."

वकिलीण अर्धवट उठली आणि परत बसली. मधे बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

"आणि समजा, ते नको म्हणाले असते तर?"

म्हाताऱ्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "त्यांचं शेत होतं, साहेब. नको म्हटल्यावर कसा जाणार?"

"आभारी आहे, आजोबा. मला आणखी काही विचारायचं नाही."

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना म्हाताऱ्याचा चेहरा परीक्षा पास झालेल्या पोरासारखा फुलला होता. "बरं झालं ना ग? मी उगाच भीत होतो. तो माणूस चांगला निघाला. पाणी दिलं."

"हो, बाबा," ती म्हणाली.

घरी मात्र सांगावंच लागलं, कारण दादानं विचारलं. वाट हक्काची ठरायची तर ती हक्कानं वापरलेली असली पाहिजे, तिनं सांगितलं. परवानगी मागून वापरली असेल, तर ज्यानं परवानगी दिली तो गेला की परवानगीही गेली. नव्या मालकाला ती बांधत नाही.

"म्हणजे," वहिनी चुलीपुढून म्हणाली, "जो दांडगाईनं घुसतो त्याला वाट, आणि जो दोन शब्द गोड बोलून जातो त्याला कुलूप?"

"तसं नाही वहिनी."

"मग कसं?"

दादानं आखडलेला खांदा चोळत म्हटलं, "त्यांना नीट पढवायचं होतंस ना. एवढं शिकून उपयोग काय?"

"खरं बोला एवढंच सांगितलं होतं मी."

"मग?"

"बाबा खरंच बोलले."

म्हातारा दाराशी बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. त्यानं ताट पुढे ओढलं नाही. बऱ्याच वेळानं तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मी जाऊ का म्हणायचो म्हणजे विचारायचो होय?"

त्यानं वकिलिणीकडे पाहिलं.

"तुझ्या आईला रोज म्हणायचो, येऊ का. काठी उचलली की म्हणायचो. ती काय मला नको म्हणणार होती?"

"एकदा म्हणाली होती," वकिलीण म्हणाली. "नका येऊ, म्हणाली. पाऊस होता."

"मग?"

"तुम्ही गेलात की तरी."

म्हातारा हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. वकिलीण उठून बाहेर आली. वाडग्याच्या काट्यांना टेकून उभी राहिली. मेंढ्या रवंथ करत होत्या. तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती आणि ती तिला मुळीच आवडली नव्हती. 'जाऊ का' म्हणजे काय, हे कोर्टाला कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हातारा आता पुन्हा पिंजऱ्यात जाऊ शकत नव्हता. दादा त्या काळात दूरच्या बंदरावर हमाली करत होता. वहिनी नंतर या घरात आली. जुन्या मालकाच्या वेळी त्या वाटेनं म्हाताऱ्याबरोबर रोज चालणारं जिवंत माणूस एकच उरलं होतं, आणि ते कोट घालून पिंजऱ्याबाहेर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या वकिलांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोट किंवा पिंजरा. दोन्ही नाही," ते म्हणाले. "एकाच खटल्यात वकील साक्षीदार होत नाही."

"माहीत आहे. मी वकीलपत्र सोडते. तुम्ही उभे राहाल का, एवढंच विचारायला आलेय."

"नाही."

तिला हे उत्तर अपेक्षित होतं, तरी लागलं.

"ऐक," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "हरलेली केस आहे ही. त्यासाठी तू त्या पिंजऱ्यात उभी राहणार. तो मऊ माणूस तुला सोलून काढेल. आणि मग उद्यापासून तू या कोर्टात कायद्यावर कितीही चांगलं बोललीस, तरी लोकांना मेंढपाळाची पोर दिसेल. जे झाकायला तुला इतकी वर्षं लागली, ते एका दुपारी उघडं करणार आहेस."

"झाकलेलं नव्हतंच ते साहेब. सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त माझ्यासमोर बोलत नाहीत."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझा बाप स्टेशनवर ओझी उचलायचा. या इमारतीत कुणाला माहीत नाही. आज पहिल्यांदा तुला सांगतोय."

हा माणूस इतक्या काटेकोर इस्त्रीचे कपडे का घालतो, ते तिला आत्ता कळलं.

"आणि तुमच्या वडिलांची अशी केस आली असती तर?" तिनं विचारलं.

"आली नाही," ते म्हणाले. "नशीब माझं." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे करणार असशील तर या खोलीतली तुझी खुर्ची मी राखून ठेवू शकणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आपला डबा, छत्री, दोन पुस्तकं उचलून बाहेर पडली.

आवारातल्या झाडाखाली एक टेबल होतं. तिथे बसणाऱ्या वकिलाला सगळे तारीखवाले काका म्हणत, कारण न्यायाधीशांपुढे उभं राहून पुढची तारीख मागणं एवढंच काम ते करत आले होते. कोटाचं एक बटण गेलेलं, पोटावर चहाचा डाग. तिनं त्यांच्यापुढे कागद ठेवले.

"मी?" काका दचकले. "अग पोरी, साक्ष घेतल्याला जमाना झाला. मला एकच वाक्य येतं. पुढची तारीख मिळावी. त्यातही कधी कधी अडखळतो."

"प्रश्न मी लिहून देणार नाही," ती म्हणाली. "ते नाटक होईल. तुम्हाला जे विचारावंसं वाटेल ते विचारा."

काकांनी कागद उलटेपालटे करून पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाला विचारलंस?"

"मोठ्या साहेबांना."

"म्हणजे मी दुसराच. चला, एवढी वरची जागा मला कधी मिळाली नव्हती." आणि त्यांनी वकीलपत्रावर सही केली.

साक्षीपर्यंतचे दिवस वकिलीण कळपामागे गेली. खुर्ची गेलीच होती, आणि दादाला खांदा हलवता येत नव्हता. खाणीच्या खडकांवर ऊन असं तापायचं की चपलेतून चटका बसायचा. कळप दोन ठिकाणी फाटायचा. एक टोक पुढे हाकावं तर दुसरं सावली बघून बसायचं. एका गाभण मेंढीला तिनं खांद्यावर घेतलं. मेंढीचं पोट तिच्या मानेवर धडधडत होतं, घाम आणि लोकरीचं तेल एक होऊन पाठीवरून ओघळत होतं. चालता चालता ती साक्षीची तयारी करायला बघायची आणि तोंडात एकच शब्द यायचा, वहिवाट. अखंड, उघड, हक्काची वहिवाट. पुस्तकातला शब्द, चोख. पण लहानपणी ती त्या बांधावरून चालली तेव्हा तिला हा शब्द कुठे माहीत होता? तेव्हाचं तिला नेमकं काय आठवतं, हे ती आठवत राहिली. खडक संपेपर्यंत.

साक्षीच्या दिवशी वहिनी म्हणाली, "एक फाटकं पांघरूण घे खांद्यावर. हातात काठी घे. न्यायाधीशबाई विरघळतील."

"बसमध्ये मी रोज काठी घेऊन चढते का?"

"नाही."

"मग आज का?"

तिनं रोजचेच धुतलेले कपडे घातले. कोट तेवढा खुंटीवर राहिला. म्हातारा बरोबर आला, पण सगळ्यांत मागच्या बाकावर बसला, मान खाली घालून.

पिंजऱ्याच्या आतून कोर्ट वेगळंच दिसत होतं. रोज ती जिथे उभी राहायची ती जागा खाली होती, आणि तिथे तारीखवाले काका कागद शोधत होते. बाररूम रिकामी करून सगळे आले असावेत, बाकं भरली होती. मोठे वकील मात्र त्यांत दिसले नाहीत. तिनं शपथ घेतली.

"साक्षीदाराचा व्यवसाय?" काकांनी विचारलं. अडखळले नाहीत.

"वकिली. आणि घरच्या मेंढ्या."

लिपिकानं मान वर केली. "काय लिहू?"

"दोन्ही लिहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

काकांनी साधेच प्रश्न विचारले. वाट कशी होती, कोण कोण जायचं, जुने मालक कुठे असायचे. ती सांगत गेली आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तरातच तिच्या तोंडून गेलं, "ही वहिवाट अखंड आणि..."

मऊ वकील झटकन उठला. "साक्षीदार कायद्याचं पुस्तक वाचून दाखवत आहेत."

"साक्षीदार," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेत सांगा."

सगळं कोर्ट तिच्याकडे बघत राहिलं. तिची भाषा कुठली, हे तिला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं. मेंढ्यांना हाळी देते ती? की रोज इथे उभी राहून बोलते ती? दोन्ही तिच्या तोंडात होत्या आणि दोन्हींसाठी तिनं घाम गाळला होता. "वहिवाट हा माझाही शब्द आहे," ती हळूच म्हणाली. "पण राहू दे. जे पाहिलं ते सांगते." आणि तिनं बांधावरचं सांगितलं. मालक मोटेपाशी बसलेले असायचे. बाबा वरूनच हाळी द्यायचे. मालक हात हलवायचे, कधी दोघे पीकपाण्याचं बोलायचे, कधी मालक झोपलेले असायचे तर बाबा झोपलेल्या माणसालाही म्हणायचे, जाऊ का?

बाकावर कुणीतरी हसलं. ते हसू वाईट नव्हतं.

आता मऊ वकिलाची पाळी होती. त्यानं तिला पाणी देऊ केलं. ती नको म्हणाली.

"मॅडम, तुम्ही वडिलांची साक्ष ऐकलीत. ती कुठे फसली, हे वकील म्हणून तुम्हाला कळलं. आणि आज तुम्ही ती दुरुस्त करायला आलात. बरोबर?"

"कुठे फसली ते कळलं, हे खरं. म्हणूनच आले."

"म्हणजे तयारी करून आलात."

"हो. खडकावरून चालत."

"विचारल्याचं उत्तर द्या. तुमचे वडील 'जाऊ का' म्हणायचे. 'का' हा प्रश्न आहे की नाही?"

"तुम्ही आत्ता बाररूममधून उठताना 'येऊ का' म्हणाला असाल. कुणी नको म्हटलं असतं तर थांबला असतात?"

हशा झाला. पण न्यायाधीशबाईंनी पेन आपटलं. "साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात. तुम्हाला हे माहीत असायला हवं. हे लिहू नका."

लिपिकाचा हात थांबला. इतके दिवस घासलेला सगळ्यांत धारदार दगड हवेतच गेला होता. मऊ वकिलानं संधी सोडली नाही. तो पिंजऱ्याच्या अगदी जवळ आला.

"तुम्ही नक्की कोण आहात, मॅडम? इथे रोज पट्टी लावून उभ्या राहता त्या, की आज मेंढपाळ म्हणवून घेता त्या? एक काहीतरी खरं असेल."

वकिलिणीनं बाहीत ओढलेले हात बाहेर काढले आणि कठड्यावर ठेवले. "सकाळी लेंड्या लोटते, मग इथे येते. दोन्हीकडे मीच असते. मधे फक्त बस असते."

मऊ वकील किंचित हसला. मग अगदी सहज, कागदाकडे बघत त्यानं विचारलं, "असं कधी झालं का, की जुन्या मालकांनी 'जाऊ नका' म्हटलं आणि तुम्ही गेला नाहीत?"

काकांनी डोळे मिटले. वकिलीण म्हणून तिला उत्तर ठाऊक होतं. 'नाही.' दोन अक्षरं. खोडून काढायला जिवंत माणूस कुणी नव्हतं. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं आत्ता पहिल्यांदा मान वर केली होती आणि तो वाट बघत होता.

"झालं," ती म्हणाली. "दरवर्षी."

कोर्टात कुजबूज झाली. मऊ वकिलालाही ते अपेक्षित नसावं.

"पेरणी झाली की शेताला पाणी द्यायचे, तेव्हा बांध ओला असायचा. मेंढ्यांच्या खुरांनी फुटला असता. मालक म्हणायचे थोडे दिवस वळसा घाला. आम्ही घालायचो."

"म्हणजे त्यांच्या मर्जीनं."

"बांधाच्या मर्जीनं. बांध सुकला की आम्ही परत जायचो. तो सुकला का, हे बाबा पायानं दाबून बघायचे. मालकांना विचारायला थांबले नाहीत."

"पुरे," तो म्हणाला आणि बसला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. काकांनी मान हलवली, जे व्हायचं ते झालं अशी.

ती उतरायला वळली तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी थांबवलं. "मला एक विचारायचंय. तुमचे वडील जाऊ का म्हणायचे, तेव्हा उत्तर येईपर्यंत उभे राहायचे का?"

तिनं डोळ्यांपुढे बांध आणला. हाळी देणारा बाप, त्याची उन्हातली सावली, आणि कळप. उत्तर समोरच होतं. कुठल्याच पुस्तकातून आणावं लागलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "ते म्हणायचे तेव्हा निम्मा कळप फाटकातून आत गेलेला असायचा."

न्यायाधीशबाईंनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

निकाल पाऊस तोंडावर आला तेव्हा लागला. वाट वादींच्या हक्काची. प्रतिवादीनं फाटक उघडं ठेवावं. मात्र पेरणीनंतर बांध ओला असेपर्यंत कळप त्या वाटेनं नेऊ नये. तिनं कबूल केलेली गोष्ट तिच्याच गळ्यात पडली होती. तेवढे दिवस खडक होतेच.

"नाही म्हणाली असतीस तर बारा महिने मिळाली असती," दादा म्हणाला.

"पण ते दिवस आपले नव्हतेच, दादा."

"तेही खरं," म्हातारा म्हणाला आणि उठून काठी शोधायला लागला.

बाररूममध्ये आता तिला लोकरवाल्या मॅडम तोंडावर म्हणत. पहिल्या दिवशी तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं म्हणणाऱ्यालाच विचारलं, "बोला, काय काम आहे?" तर त्याला खरंच काम होतं. त्याच्या सासऱ्याच्या बांधाचा तंटा होता. झाडाखालच्या टेबलाला तिनं आणखी एक खुर्ची जोडली. मोठे वकील जाता-येता दिसत. बोलत नसत. एकदा मात्र तिच्या टेबलापाशी त्यांचा पाय रेंगाळला, आणि मग ते गेले.

फाटक उघडायच्या दिवशी सगळं घर कळपाबरोबर निघालं. वकिलिणीचा कोट पिशवीत होता. तिथूनच तिला बस गाठायची होती. गिरणीवाल्याच्या गड्यानं कुलूप काढलं, तार गुंडाळून बाजूला ठेवली आणि मान वळवून उभा राहिला. म्हातारा पुढे झाला, जीभ टाळ्याला लावून मेंढ्यांना आवाज दिला.

म्होरकी मेंढी फाटकाशी आली, थबकली, आणि सरळ खडकाच्या वाटेला वळली. तिच्यामागे सगळा कळप.

"अग ए! इकडे!" म्हातारा ओरडला. दादा धावला, वहिनी हात पसरून आडवी झाली. मेंढ्या तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या वाहून गेल्या. सव्वा वर्षात त्या ही वाट विसरल्या होत्या, आणि त्यानंतर जन्मलेल्यांनी तर ती पाहिलीच नव्हती.

"कोर्टाचा हुकूम वाचून दाखवा हिला," वहिनी धापा टाकत म्हणाली. गिरणीवाल्याचा गडीही हसायला लागला.

वकिलिणीनं पिशवी कुंपणाच्या खांबाला अडकवली. धावत जाऊन म्होरकीला गाठलं, मानेला मिठी मारून मागे ओढलं. मेंढीनं चारी पाय जमिनीत रोवले. मग ती वाकली, एक हात पोटाखाली, एक छातीखाली घातला आणि दात-ओठ खाऊन तिला उचललं. फाटक ओलांडून बांधावर चार पावलं गेली तेव्हा मेंढीनं धडपड थांबवली. नाक वर केलं. नदीकडून ओला वारा येत होता. वकिलिणीनं तिला खाली ठेवलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग स्वतःहून चालू लागली.

तिच्यामागे काही आल्या. काही फाटकाशी घुटमळल्या. निम्मा कळप तोवर खडकांत शिरला होता. दादा शिव्या देत त्याच्यामागे गेला.

डोहाच्या काठाला म्होरकीनं तोंड पाण्यात घातलं. म्हातारा तिच्याशेजारी उकिडवा बसला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि वर बघितलं. "निम्म्याच आल्या ग."

"उद्या आणखी येतील."

"उद्या तुला कोर्ट आहे."

"कोर्ट उशिरा भरतं बाबा," ती म्हणाली आणि फाटकाशी अडलेल्यांना आणायला माघारी वळली.